धारोष्ण

खच्ची केलेला रेडा माणसाच्या अंगावर जातो, हे राजाक्कानं त्या सकाळपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. तिच्या माहेरी म्हशी, सासरी म्हशी. चालायला शिकली तीच शेणात. रेडकाला खच्चीचा चिमटा लावला की त्याचा राग संपला, पुढे पोरं शिंगांना लोंबकळली तरी तो बापडा रवंथ करत उभा राहणार, यावर तिचा इतका विश्वास होता की आपल्या दगडू रेड्याच्या पुढ्यात घास टाकून ती बिनघोर पाठमोरी वळली.

दगडूनं खुंटा उपटला आणि खुंट्यासकट आला. पहिल्याच धडकेत राजाक्का सिमेंटच्या गव्हाणीत जाऊन पडली, आणि गव्हाण अरुंद होती म्हणूनच वाचली. त्याची शिंगं कठड्यावर आपटत होती, सिमेंटचे टवके तिच्या तोंडावर उडत होते. गव्हाणीतलं माणूस हाती लागत नाही म्हटल्यावर तो वळला चंद्रीकडे. चंद्री म्हैस गाभण, त्यात दाव्यानं जखडलेली, पळणार कुठं? त्यानं खालून शिंग घातलं आणि मान वर झटकली. चंद्रीचं पोट फाटलं. ती खाली बसली तसा तो मागं सरला, पुन्हा आला, मागं सरला, पुन्हा आला. राजाक्का आडवी पडल्या पडल्या हे सगळं बघत होती आणि घसा फोडून ओरडत होती. चंद्रीला तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

ओरडणं ऐकून इंद्रजित धावत आला. हा तिचा एकुलता एक मुलगा, तालमीतून नुकताच परतलेला, अंगावर लाल माती तशीच. त्यानं दारामागची पहार उचलली आणि रेड्याच्या कपाळावर घातली. दगडू गुडघ्यांवर आला. दुसऱ्या घावात डोळा गेला, पुढच्या घावाला तो कुशीवर कोसळला आणि पाय झाडून गप्प झाला.

पोरानं आईला वाचवलं, यात वाईट काय? वाईट हे, की पोरगा थांबेना. मेलेल्या जनावराच्या डोक्यावर तो पहार घालत राहिला. कवटीचा चेंदामेंदा झाला तरी घालत राहिला. ‘इंद्रा, बास, मेला रे तो,’ असं राजाक्का म्हणत होती ते त्याच्या कानात शिरतच नव्हतं. शेवटी पहार जमिनीत रुतली तेव्हा त्यानं वर बघितलं. तोंडभर रक्ताचे शिंतोडे, आणि पोरगा हसत होता.

राजाक्का रेड्याला भ्याली नव्हती इतकी त्या हसण्याला भ्याली.

*

या सगळ्याच्या मुळाशी एक गवत होतं, आणि ते राजाक्काच्या सख्ख्या भावानं आणलं होतं. धैर्यशील जनावरांच्या आहाराचा शास्त्रज्ञ. पुण्याजवळच्या एका संशोधन संस्थेत त्याचं पथक लसूणघासावर काम करत होतं. लसूणघासात, सोयाबीनमध्ये आणि अशा बऱ्याच वनस्पतींमध्ये इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं मुळातच असतात. इस्ट्रोजेन म्हणजे मादीच्या शरीरातलं संप्रेरक. चरणाऱ्या जनावरांची वीण कमी व्हावी, म्हणजे आपल्याला खाणारी तोंडं कमी होतील, यासाठी झाडांनी हा डाव फार जुन्या काळी शोधला असावा, असं काही जण मानतात. धैर्यशीलच्या पथकानं घासातल्या या द्रव्याचा रेणू थोडा वळवला. आता तो गर्भाशयाच्या वाटेला जात नव्हता. थेट स्नायूंना जाऊन चिकटत होता. स्नायूंच्या कडेला राखीव पेशी झोपून असतात, त्यांना तो उठवायचा. आणि ‘आता वाढ पुरे’ असं स्नायूला सांगणारा शरीरातला ब्रेक ढिला करायचा. ना इंजेक्शन, ना गोळी. जनावरानं नुसतं गवत खायचं आणि फुगायचं.

एरवी म्हशीला रेडकू झालं की घरात तोंडं पडत. पाजलं न पाजलं करून त्याला मरू देत, हे कुणी कबूल करत नसलं तरी सगळे करत. नव्या घासानं ते दिवस पालटले. रेडकं जगवली जाऊ लागली, गोठ्यात म्हशींशेजारी शांत राहावीत म्हणून लहानपणीच खच्ची होऊ लागली, आणि वर्ष-दीड वर्षात त्यांच्या मांड्या अशा भरत की दोन जनावरांचं मांस एकाच्या अंगावर चढवल्यासारखं वाटे. संस्थेनं त्या वाणाला काहीतरी आकडा दिला होता. कोल्हापूरच्या गवळ्यांनी आकडा बाजूला ठेवून त्याला ‘बळवंती’ म्हणायला सुरुवात केली. बहिणीच्या गोठ्यावर भावाचा हक्क पहिला, म्हणून बळवंती सगळ्यांत आधी पिकली ती राजाक्काच्या रानात. दुभत्या म्हशींनाही ती घातली तरी चालेल, दूध तपासलंय, असं धैर्यशीलनं सांगितलं होतं, आणि राजाक्कानं घातली.

दुसऱ्या दिवशी तो आला तो आधी चंद्रीला पुरलेल्या खड्ड्याशी जाऊन उभा राहिला. मग फोनवर सांगून साठवायला लावलेलं दगडूचं रक्त त्यानं आपल्या पेटीएवढ्या यंत्रात घातलं आणि पडद्यावरचे आकडे बघता बघता घामाघूम झाला.

“अक्का, ह्याला चिमटा नीट लागला होता ना?”

“डॉक्टरनं माझ्यापुढं लावलाय. का?”

“पुरुषाचं संप्रेरक तर नाहीच ह्याच्यात. तरी हा असा का वागला, ते कळलं मला.” तो गव्हाणीच्या कठड्यावर बसला. “नराच्या मेंदूत एक गंमत असते. पुरुषाचं संप्रेरक मेंदूत शिरतं आणि तिथं त्याचं इस्ट्रोजेन होतं. त्या इस्ट्रोजेननं राग जागा होतो. ती रागाची वाट नराच्या मेंदूत जन्माआधीच आखलेली असते, मादीच्या मेंदूत ती तशी नसते. खच्ची केलं की कच्चा मालच बंद, म्हणून जनावर थंड होतं. पण आपला घास तयार मालच आत पाठवतोय. थोडाथोडका नाही, पोत्यानं.”

“म्हंजे तुझ्या गवतानं रेडं पिसाळालेत?”

“आम्ही चाचण्या केल्या त्या धडक्या, खच्ची न केलेल्या रेड्यांवर. रेडा रागीट असतोच, म्हणून कुणाला शंका आली नाही.”

 राजाक्काच्या डोळ्यांपुढे पहार वरखाली होत होती. मग तिनं विचारलं, “आणि दूध?”

“दुधात उतरतं. म्हशीच्या पोटातले जिवाणू त्याला आणखी जहाल करतात. पण दूध तापवलं की ते मोडून जातं. तापवलेल्या दुधात काही म्हणजे काही सापडलं नाही, दहादा बघितलंय.”

“आणि न तापवलेल्या?”

“अक्का, कच्चं दूध आजकाल पितंय कोण?”

“कोल्हापूर पितंय,” राजाक्का म्हणाली.

धैर्यशील याच मातीतला. पण पुण्याला जाऊन पिशवीच्या दुधाचा चहा प्यायची सवय लागली की माणूस आपल्या गावचं काय काय विसरतो, ते त्याच्या पांढऱ्या पडलेल्या तोंडाकडे बघून कळत होतं.

*

कोल्हापुरात दूध कट्टा अजून तसाच भरतो. घरोघरी दूध फोनवरून येऊ लागलं, विजेच्या गाड्या आल्या, पण गल्लीच्या तोंडाशी म्हैस बांधून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार काढून द्यायची चाल कुणी मोडली नाही. फेसासकट, कोमट, जसं आचळातून आलं तसं धारोष्ण. ते उकळून प्यायचं म्हणजे कोल्हापुरी माणसाला अपमान वाटतो. राजाक्काच्या कट्ट्यावर आजूबाजूच्या दोन तालमींचे पैलवान सकाळी मेहनत संपवून रांगेनं उभे राहत, आणि इंद्रजितचा ग्लास सगळ्यांत मोठा.

बळवंती आल्यापासून त्या पोरांची अंगं बघण्यासारखी झाली होती. वस्ताद खूश, लोक खूश. रक्ताच्या थेंबावरून दोन मिनिटांत बंदी असलेली औषधं पकडणारी यंत्रं आता प्रत्येक मैदानाच्या दारात असतात. त्यांत काही निघत नव्हतं, कारण औषध नव्हतंच. राजाक्का आईच्या डोळ्यांनी बघत होती आणि फुगत होती. इंद्रजितनं सरावात जोडीदाराचं बोट उलटं मोडलं, तेव्हा ती म्हणाली, खेळात लागतंच. सिग्नलला हॉर्न वाजवला म्हणून त्यानं एका रिक्षावाल्याला रिक्षातून ओढून इतका मारला की त्याचा जबडा तारांनी बांधावा लागला, तेव्हा ती म्हणाली, तरुण रक्त आहे. आता तिला एकेक गोष्ट आठवत होती. हे रक्त तिनंच रोज सकाळी स्वतःच्या हातानं भरलं होतं.

बहीण-भावांनी मिळून इंद्रजितला समोर बसवून सांगायचं ठरवलं. धैर्यशीलनं सांगितलं, सोपं करून, काही न लपवता. इंद्रजितनं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे मी दूध सोडायचं.”

“तापवून पी. चार-पाच दिवसांत अंगातून निघून जाईल. अंग राहील, नुसता राग जाईल.”

“आणि जत्रंच्या मैदानात माझी जोड सुहासबर लागलीय त्याचं काय?” सुहास म्हणजे शेजारच्या तालमीचा पैलवान, इंद्रजितचा लहानपणापासूनचा सोबती. “त्योबी आईच्याच कट्ट्यावर पितोय. मी थंड व्हायचं आणि त्यानं तापलेलं यायचं?”

“त्यालाही सांगू. मी सगळ्यांनाच सांगणार आहे, इंद्रा. गवत बंद करायला लागेल.”

“तू सांगणार,” इंद्रजित म्हणाला आणि उठून मामाजवळ गेला. “मग मागच्या तीन कुस्त्या मी जिंकल्या न्हाईत, तुझ्या गवतानं जिंकल्या, व्हय? गावभर सांगणार तू हे?” त्यानं मामाचा हात हातात घेतला, जसा लाडानं घ्यावा तसा. मग मनगट पकडून कोपर आपल्या गुडघ्यावर ठेवलं आणि दाबलं.

हाड मोडल्याचा आवाज राजाक्कानं जनावराचा ऐकला होता, माणसाचा पहिल्यांदाच ऐकला. धैर्यशील किंचाळत खाली बसला. मध्ये पडलेल्या राजाक्काला इंद्रजितनं एका हातानं भिंतीवर ढकललं. तिच्या भुवईतून रक्त आलं. ते बघून त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“दूध बंद केलंस तर दुसऱ्या कट्ट्यावर जाईन,” तो आईला म्हणाला. “बळवंती काय तुझ्याच रानात न्हाई.”

*

धैर्यशीलनं संस्थेत घसरून पडलो म्हणून सांगितलं. हात गळ्यात बांधून तो बहिणीला म्हणाला, मैदान होऊ दे, मग मी स्वतः सगळं जाहीर करतो. आत्ता केलं तर इंद्रा माझा जीव घेईल. खरं तर तो नोकरी जाण्यालाही भीत होता आणि तुरुंगालाही. ते राजाक्काला दिसत होतं, पण तिला भावाशी वाद घालायला वेळ नव्हता. तिला पोरगा परत हवा होता. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

तिनं रस्ता काढला. पहाटे उठून एका म्हशीचं दूध घरीच काढायचं, चांगलं तीन वेळा उकळायचं, साय काढून टाकायची, कोमट करून झाकणाच्या बरणीत भरायचं. कट्ट्यावर म्हशीखाली बसताना ती बरणी पदराआड ठेवायची. इंद्रजितचा ग्लास आला की त्याच्याकडे पाठ करून आचळाला हात लावायचा आणि बरणीतलं दूध उंचावरून ग्लासात सोडायचं, म्हणजे फेस येतो. उभा जन्म धारा काढण्यात गेलेल्या बाईला एवढी चलाखी अवघड नव्हती.

पहिल्या दिवशी इंद्रजितनं तोंड वाकडं केलं. “चव येगळी लागालीय.”

“म्हैस माजावर आलीय. दोन दिवस तसंच लागंल.”

त्यानं ग्लास संपवला.

मग हळूहळू पोरगा उतरू लागला. आधी तो झोपू लागला. कित्येक महिन्यांत त्याची अशी गाढ झोप तिनं बघितली नव्हती. मग एका दुपारी तो तिच्या भुवईवरच्या खपलीकडे बघत बसला आणि विचारलं, “हे मी केलं न्हवं?”  तो मामाकडे जाऊन पाया पडून आला. चंद्रीच्या रिकाम्या खुंट्याशी बसून रडला. राजाक्का तुळशीपुढे हात जोडून उभी राहिली आणि तिला वाटलं, सुटलो.

सुहासचा विचार तिनं केला नाही असं नाही. केला आणि बाजूला ठेवला. सगळ्यांनाच उकळलेलं दिलं असतं तर पहिल्याच घोटाला बोंब झाली असती, कट्टा उधळला असता, आणि इंद्राला कळून तो दुसरीकडे पळाला असता. सुहासला एकट्याला बाजूला घेऊन सांगावं, तर तो तालमीत बोलणार. आणि मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, तिचं नाव घ्यायला ती तयार नव्हती: एकाच पोराला वाचवण्याएवढंच बळ तिच्यात होतं, आणि तो पोरगा तिचा होता.

मैदानाच्या सकाळी सुहास कट्ट्यावर आला तेव्हा रांगेतल्या एका माणसाची पिशवी त्याच्या पायाला घासली. सुहासनं त्या माणसाची मान धरली आणि त्याचं तोंड बाजूच्या पाण्याच्या टाकीवर आपटलं. दात पडले. पुन्हा आपटलं. लोकांनी सोडवलं, माणूस ओंजळीत रक्त घेऊन पळाला, आणि सुहास काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं राजाक्कापुढे येऊन उभा राहिला.

“मावशी, आज मोठा ग्लास.”

हा पोरगा तिच्या अंगणात रांगला होता. त्याची आई बाळंतपणात आजारी पडली तेव्हा दोन महिने तो राजाक्काच्याच मांडीवर होता. पदराआडच्या बरणीत एकच ग्लास दूध होतं. इंद्रजित त्याच्या मागेच उभा होता, हसऱ्या चेहऱ्यानं, आपल्या पाळीची वाट बघत. राजाक्काचा हात बरणीकडे गेला, झाकणावर टेकला, आणि मागे आला. तिनं आचळ धरलं आणि सुहासच्या ग्लासात काठोकाठ धार सोडली.

“पी, बाळ,” ती म्हणाली.

*

मैदानाच्या दारात दोघांच्या बोटांतून रक्ताचा थेंब घेतला गेला. हिरवा दिवा लागला. दोघं स्वच्छ.

हलगी कडाडली, सलामी झाली. बायका पूर्वी मैदानाला येत नसत, आता येतात. राजाक्का पुढच्याच ओळीत बसली होती. सुरुवातीच्या खडाखडीत सुहासनं इंद्रजितच्या मानेवर असा हात मारला की आवाज वरच्या ओळीपर्यंत गेला. लोक खूश झाले. दुसऱ्यांदा त्यानं कपाळच आपटलं. इंद्रजितची भुवई फुटली, डोळ्यात रक्त आलं. पंचानं ताकीद दिली. सुहासनं पंचाकडे बघितलंसुद्धा नाही.

इंद्रजितचं अंग होतं तसंच होतं आणि डावही विसरला नव्हता. त्यानं पट काढला, सुहासला खाली घेतलं, पाठीवर बसून हात मागं पिळला. आता आणखी चार बोटं वर नेला की सुहास आपणहून चीत झाला असता. सुहास कळवळला. आणि इंद्रजितनं हात ढिला केला. खाली तोंड घालून काहीतरी विचारलंही. लागलं का रे, असंच विचारलं असणार. महिन्याभरापूर्वीच्या इंद्रानं तो हात खांद्यातून उपटला असता. राजाक्काला ते कळलं आणि ती जागेवरून उठली.

तेवढ्यात सुहास खालून निसटला. त्यानं इंद्रजितला पालथा पाडला, त्याच्या मानेवर गुडघा दिला आणि घुटना भरला. घुटना हा रीतसर डाव आहे. मान दाबायची ती समोरच्याला उलटा करण्यापुरती. सुहासनं उलटा केला नाही. सगळं वजन गुडघ्यावर टाकलं, इंद्रजितची हनुवटी दोन्ही हातांनी धरली आणि मागे ओढली. पंच शिट्टी फुंकत होता. इंद्रजित हात आपटत होता, म्हणजे हरलो, सोड, असं सांगत होता. मग हात आपटायचे थांबले.

सुहास थांबला नाही. मातीत पडलेल्या त्या डोक्यावर त्यानं कोपर घातलं, पुन्हा घातलं. पाच-सहा पैलवान त्याच्यावर तुटून पडले. एकाचा कान त्यानं दातांनी तोडला. हलगीवाल्याला अजून काही कळलं नव्हतं, तो वाजवतच होता. राजाक्का कुंपणावरून कशी आत आली हे तिला पुढे कधीच आठवलं नाही. ती पोराजवळ बसली. तो जिवंत होता, डोळे उघडे होते, आणि तोंडात माती होती. ती तिनं बोटानं काढली.

*

मान मोडली होती. मानेखालचं शरीर, ते सगळं भरीव, घडीव शरीर, जागच्या जागी होतं आणि त्याला त्याची खबर नव्हती. डॉक्टर म्हणाले, जगेल. याच्या पुढचं ते काही म्हणाले नाहीत.

त्याच आठवड्यात धैर्यशीलनं सगळं जाहीर केलं. कट्टे बंद झाले, रानांतली बळवंती नांगरून टाकली, गोठ्यागोठ्यांत रेडे गोळ्या घालून मारावे लागले. तोवर आणखी कुठं कुठं काय झालं होतं ते आता बाहेर येत होतं. एका गवळ्याला त्याच्याच रेड्यानं भिंतीशी चिरडलं होतं, एका पैलवानानं बायकोचा गळा दाबला होता. धैर्यशील चौकशीला जाताना बहिणीला भेटायला आला. ती त्याच्याशी बोलली नाही.

इंद्रजितला बोलता येऊ लागलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा विचारलं ते कुस्तीबद्दल.

“आई, माझ्या हातात आलता त्यो. मग मला असं का वाटलं, की त्याला दुखालंय?”

राजाक्काला खोटं बोलता आलं असतं. पण आता लपवून कुणाला वाचवायचं होतं? तिनं सगळं सांगितलं. पहाटेचं उकळणं, बरणी, पाठ करून सोडलेला फेस. तो छताकडे बघत ऐकत होता.

“आणि सुहासला?”

“त्याला धारोष्ण दिलं.”

“ठावं असून?”

“ठावं असून.”

इंद्रजितला तोंड फिरवायचं होतं, पण मान फिरत नव्हती. त्यानं डोळे मिटून घेतले. “तू बाहेर जा जरा,” तो म्हणाला, आणि हे त्यानं रागानं म्हटलं नाही, हळूच म्हटलं.

बाहेर व्हरांड्यात एका पोलिसाशेजारी सुहास बसला होता. इंद्राला एकदा बघू द्या म्हणून तो रडून रडून विनवत होता, म्हणून त्याला आणलं होतं. हातांत बेड्या, डोळे सुजलेले. राजाक्काला बघताच तो उभा राहिला आणि तिच्या पायांवर पडायला वाकला. तिनं त्याला खांद्याला धरून उठवलं, बाकावर बसवलं, आणि त्याच्याजवळ बसून त्यालाही सगळं सांगितलं. कट्ट्यावर त्या सकाळी पदराआड काय होतं, ते कुणासाठी राखलं होतं, आणि आपला हात झाकणावरून मागे कसा आला, काहीच गाळलं नाही.

सुहासचे बेडीतले हात वर आले. पोलीस सावरून बसला. राजाक्का हलली नाही. हा आता मारणार, असं तिला वाटलं; त्यानं मारावं, तोंड फुटेस्तोवर मारावं, म्हणजे तेवढं तरी फिटेल, असं तिला मनापासून वाटलं. पण गेल्या काही दिवसांत त्याच्या अंगातून ते सगळं उतरून गेलं होतं. त्यानं हातांनी स्वतःचंच तोंड झाकलं आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडत राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले, तिच्याकडे बघितलं, आणि विचारलं, “मावशी, तुम्ही काय खाल्लंय का सकाळपास्नं?”